फवारणीचा सल्ला मॉडेलच्या एपीआयवर सोडायचा का?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

निफाड-दिंडोरीकडच्या एका द्राक्ष शेतकरी गटासाठी आम्ही व्हॉट्सॲपवरचा मदतनीस बांधतोय. बागायतदार आपल्या बोलीत विचारणार, "सोनाका वाणाची छाटणी होऊन महिना झाला, पानावर पांढरं दिसतंय, काय मारू?" गटातल्या काहींचं म्हणणं असं की प्रश्न जसाच्या तसा मोठ्या भाषा मॉडेलच्या एपीआयला (आपल्या प्रोग्रामने इंटरनेटवरून मॉडेलला विचारायची सोय) पाठवा, येईल ते उत्तर पुढे सरकवा, झालं काम.

माझा याला विरोध आहे. मॉडेलकडून भाषेचं काम घ्यावं. औषधाचं नाव, मात्रा आणि काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची, हे त्याला लिहूच देऊ नये. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या बागांसाठी औषधांची यादी काढतं, तीच आपली ॲनेक्शर 5. ती वेळोवेळी बदलते आणि मॉडेलचं शिक्षण एका ठरावीक तारखेला थांबलेलं असतं. म्हणून यादी आमच्या डेटाबेसमध्ये ठेवायची. मॉडेलने प्रश्नातून वाण, छाटणीनंतरचे दिवस आणि रोग एवढंच जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा ठरावीक साच्यात, काढून द्यायचं. यादीतली ओळ आमचा प्रोग्राम उचलणार. यालाच टूल कॉलिंग म्हणतात. मॉडेल स्वतः काहीच चालवत नाही, कुठलं फंक्शन काय माहिती घालून हवंय तेवढं सांगतं. चालवायचं की नाही ते आपल्या हातात.

सातपूरचा_कोडर

उगाच डोंगर पोखरताय. आजची मॉडेलं एपीआयच्या एका हाकेत लाखभर टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, सहज वाचतात. अख्खी यादी मॉडेलला द्यायच्या सूचनेतच घाला आणि सांगा, याबाहेरचं बोलू नकोस. दर वेळी सुरुवातीचा मजकूर तोच असल्यामुळे कॅशिंग (आधी वाचलेलं साठवून परत वापरणं) लागू होतं आणि तेवढ्या भागाचा दर बराच उतरतो. टेंपरेचर शून्यावर ठेवा.

आणि तुमच्या टेबलाचं काय? शेतकरी विचारतो, "काल मारलं, रात्री पाऊस झाला, परत मारू का?" किंवा "ही दोन एकाच टाकीत चालतील का?" याला कुठली ओळ उचलणार?

गंगापूररोडकर

टेंपरेचर शून्य म्हणजे दर पायरीला सगळ्यात शक्य वाटणारं टोकन उचलायचं, बस. ते बरोबर असेल याची हमी त्यात नाही. दोनदा विचारल्यावर अक्षरशः तेच उत्तर येईल याचीही नाही. यादीत एकसारखी नावं लागोपाठ आहेत. एका ओळीचं औषध आणि खालच्या ओळीचे दिवस अशी सरमिसळ झाली तर वाक्य इतकं सफाईदार येतं की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

2010 विसरलात का? क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपने आपल्या द्राक्षांचे कंटेनर नाकारले होते. ज्या औषधाला तिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोला 0.01 मिलिग्रॅम एवढीच मुभा असते. इथे 'साधारण बरोबर' चालत नाही.

पावसाचा प्रश्न मात्र रास्त आहे. टेबलात उत्तर नसेल तर मदतनीस "माणसाशी बोला" म्हणेल.

दिंडोरीची_बाग

दोघांचंही बागेबाहेरून चाललंय. मी बागायतदार आहे, कोडिंग मला कळत नाही, पण गंगापूररोडकर, तुमच्या म्हणण्यातली भोकं मला दिसतात. आमच्याकडे चूक मात्रेत कमी आणि रोग ओळखण्यात जास्त होते. पानावर पांढरं म्हणजे काय? खालच्या बाजूला बुरशी आणि वर पिवळट तेलकट डाग असले तर डाऊनी. वरच्या बाजूला राख उडवल्यासारखं असलं तर भुरी. दोघांची औषधं वेगळी. तुमच्या मॉडेलने 'भुरी' असं भरून दिलं की तुमचं टेबल चुकीच्या रोगाचं औषध अगदी अचूक मात्रेत देणार. मग ती अचूकता चाटायची का?

दुकानदारही ज्यात मार्जिन जास्त ते माथी मारतो, तेव्हा मॉडेल वाईटच असं मी म्हणत नाही. पण त्याने आधी उलट विचारायला हवं. डाग पानाच्या कुठल्या बाजूला, माल निर्यातीचा की लोकल, काढणी कधी. फोटोही मागावा.

गंगापूररोडकर

ताई, हा मुद्दा सगळ्यात वजनदार. जेसनमध्ये रोगाच्या जागी 'नक्की नाही' हा पर्याय ठेवतो. तो आला की प्रोग्राम टेबलाकडे जाणारच नाही, तुम्ही म्हणता ते प्रश्न परत विचारेल. फोटोही पाठवता येतो, मात्र फोटोवरून आलेलं उत्तर शेतकऱ्याकडून पक्कं करून घेऊनच पुढे जायचं. अशा मागच्या-पुढच्या बोलण्यात खर्च वाढतो, कारण साध्या एपीआय हाकेला मागचं काही आठवत नाही. दर हाकेला आधीचा सगळा संवाद आपणच परत पाठवायचा आणि त्याचे टोकन परत मोजले जातात.

पंचवटी_लोकल

मुळात बाहेरच्या सर्व्हरला हाका मारायच्याच कशाला? देवनागरी अक्षर यूटीएफ-8 या साठवणुकीच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि मजकुराचे टोकन पाडणाऱ्या बऱ्याच टोकनायझरमध्ये मराठीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. म्हणजे तोच प्रश्न मराठीत महाग. शिवाय शेतकऱ्याची माहिती परक्याकडे जाते आणि 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाय. खुल्या वजनांचं, म्हणजे कोणालाही उतरवून स्वतःच्या मशीनवर चालवता येणारं, 8 अब्ज पॅरामीटरचं मॉडेल आकडे आखडून 4 बिटवर आणलं तर साधारण 5 जीबीत मावतं. गटाच्या ऑफिसात एक बरं ग्राफिक्स कार्ड टाका. वर कंपनी जुनी आवृत्ती बंद करते तेव्हा धावपळ नाही.

सातपूरचा_कोडर

आणि त्या छोट्या मॉडेलला निफाडची बोली कळेल? "घड जिरले", "पोंग्यात आलंय" हे त्याला विचारून बघा, मग बोलू. फोन नंबर आणि गट क्रमांक हाकेत घालायची गरजच नाही, आपल्या सर्व्हरवर कापून टाका. तसंही हाक आपल्या सर्व्हरवरूनच जायला हवी. मोबाइल ॲपमध्ये एपीआयची की (गुप्त किल्ली) ठेवली तर कोणीही ॲपची एपीके फाइल उघडून ती काढतो आणि बिल आपल्या नावावर.

पंचवटी_लोकल

ऑक्टोबर छाटणीनंतर एका रात्री पाऊस पडला की पहाटे सगळा तालुका एकदम विचारणार. तुमच्या एपीआयची मर्यादा ओलांडली की 429, म्हणजे 'फार हाका झाल्या' असा नकार, येणार. मग?

गंगापूररोडकर

थांबून परत हाक मारायची, दर वेळी थांबणं दुप्पट करत. तेवढ्यात शेतकऱ्याला "प्रश्न मिळाला, उत्तर येतंय" एवढं कळवायचं. तुमच्या एका कार्डावरही तेव्हा रांगच लागेल. बोलीचे नमुने गोळा करून दोन्हीकडे तपासायला माझी ना नाही. छोटं मॉडेल वाण-दिवस-रोग नीट काढत असेल तर तेच लावू, टेबल तर तेच राहणार.

सातपूरचा_कोडर

टाकीत काय मिसळायचं याला तुमचं उत्तर अजूनही "माणसाशी बोला" हेच आहे ना? चार दिवसांत लोक तुमचा मदतनीस म्यूट करतील.

गंगापूररोडकर

करू देत. चुकीच्या मिश्रणाने घडांवर चट्टे पडले तर मदतनीस म्यूट करून ते जात नाहीत.

दिंडोरीची_बाग

तो माणूस कोण आणि पहाटे पाचला फोन उचलणार का, ते आधी ठरवा. डाऊनीच्या दिवसांत फवारणीचा ब्लोअर तेव्हाच निघतो, आणि ज्याला विचारावं तो स्वतःच्या प्लॉटमध्ये असतो. गटाच्या बैठकीत हा विषय घ्या, मी येते.