आकृती आधी की मांडणी आधी? (सॉफ्ट पेस्टल, म्हणजे मऊ रंगीत खडू)

खडूभुकटी: काल इथे सल्ला वाचला: "बसलेली आकृती आधी पूर्ण रंगवा, मग उरलेल्या जागेत अमूर्त आकार भरा." अशाने चित्राचं वाटोळं होतं! आकृती पूर्ण होईस्तोवर तिची कड सगळीकडून बंद झालेली असते. मागचे आकार तिथे येऊन अडतात आणि आकृती कापून चिकटवल्यासारखी दिसते. फ्रेंच चित्रकार एडगर देगाचं १८८६चं पेस्टल 'द टब' बघा. उजवीकडची फळी उभ्या पट्टीसारखी कागद चिरत जाते, तिच्यावर पाण्याचे जग आणि ब्रश वरून दिसतात, शेजारी टबाचा गोल आणि वाकलेली पाठ. ती फळी 'उरलेली जागा' आहे का? करडा, मध्यम टोनचा (फार उजळ नाही, फार गडद नाही असा) कागद घ्या. कडक खडू आडवा धरून तीनच टोनमध्ये आकृती आणि पार्श्वभूमी एकदम उभी करा. उजेडातला खांदा मागच्या उजळ आकारात विरू द्या, सावलीची कड तेवढी धरा.

सांगाडा: विरवायचं काय ते आधी ठाऊक नको? कमरेचा कल चुकला की वरचा खांदा कितीही विरवा, आकृती बसलेली वाटतच नाही, घसरलेली वाटते. आणि देगाचंच नाव घेताय तर पूर्ण घ्या. तो ट्रेसिंग पेपरवर आपल्याच आकृत्या गिरवून पुन्हा पुन्हा वापरायचा. म्हणजे आकृती आधी ठरलेली होती.

खडूभुकटी: रेषेत ठरणं वेगळं, रंगात पूर्ण होणं वेगळं. रेषेपुरतं मान्य. पुढे नाही.

आडवा_खडू: दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. लोक पहिल्या थरापासून बोटाने चोळत बसतात. भुकटी कागदाच्या दातांत, म्हणजे खरखरीत पृष्ठभागात, दाबली जाते, तिसरा थर धरतच नाही, आणि मग 'मांडणी जमली नाही' म्हणून रडतात. शिवाय खाली रेखाटनाला वापरलेला कोळसा झटकलेला नसतो, तो त्वचेच्या रंगात मिसळून सगळं मळकट होतं. थर बसेना झाला की फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी कागदावर धरून ठेवणारा राळेचा फवारा, मारा.

सांगाडा: फिक्सेटिव्ह? उजळ रंगांची माती करायची असेल तर खुशाल मारा. खडूच्या कणांमधल्या हवेमुळे उजेड विखुरतो, म्हणून तो रंग उजळ दिसतो. त्या फटींत राळ भरली की पांढरा पारदर्शक होतो, गुलाबी काळवंडतो.

आडवा_खडू: शेवटच्या थरावर मारा असं कोण म्हणालं? नीट वाचा तरी! खालच्या थरांवर मारायचं. बोर्ड उभा, साधारण ३० सेंटीमीटरवरून, हात सतत फिरता, एक ओला थर देण्यापेक्षा दोन विरळ. काळवंडलेला खालचा थर सावलीला आयताच मिळतो, वर उजळ खडू कोरा ठेवायचा. देगासुद्धा थरांच्या मध्ये फिक्सेटिव्ह वापरायचा.

सांगाडा: मधल्या थरापुरतं ठीक, तेही गुळगुळीत कागदावर. सँडेड (वाळूसारख्या खरखरीत) कागदाला दात पुरेसे असतात, तिथे गरज नाही.

खडूभुकटी: फिक्सेटिव्हचा धागा वेगळा काढा! प्रश्न कडेचा होता. सांगाडा, समजा मागच्या अमूर्त आकारांतला एक निळा पट्टा गुडघ्यावरून जातोय, तो तुम्ही कुठे थांबवाल?

सांगाडा: गुडघ्याच्या वाटीवर नाही. तिथे थांबवला तर सांधा तुटतो. मांडीच्या मधोमध, जिथे सावली सुरू होते तिथे.

खडूभुकटी: मी तो पट्टा मांडीवरून तसाच पुढे नेईन, फक्त मांडीवर एक टोन गडद करून. यावर अजूनही आपलं जमत नाही.