मदत हवी आहे: एल्ममध्ये वजनाचा दशांश टिंब टिकत नाही

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डातल्या एका आडत्यांसाठी कांद्याच्या पट्टीचं (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाचं) वेब अ‍ॅप करतोय, एल्म या प्रोग्रामिंग भाषेत. स्क्रीनवर काय दिसायला हवं तेवढं आपण सांगायचं, डॉममध्ये (ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेत) कुठे काय बदलायचं ते भाषा बघते. वजन बदललं की तोलाई, हमाली, निव्वळ रक्कम सगळं आपोआप जुळतं. आधी जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत होतं तेव्हा एखादी बेरीज जुनीच राहायची आणि शेतकऱ्याच्या हातात चुकीची पट्टी जायची. ते मला परत नकोय.

अडलंय वजनाच्या रकान्यात. मॉडेलमध्ये, म्हणजे सगळी माहिती साठवतो तिथे, वजन फ्लोट (दशांश संख्या) ठेवलंय. दिवाणजी ४८.५ टाइप करायला लागले की ४८ नंतरचा टिंब लगेच पुसला जातो, कारण मजकुराचा आकडा करणारं 'स्ट्रिंग डॉट टूफ्लोट' हे फंक्शन त्याचं ४८ करतं आणि व्ह्यू (स्क्रीन दाखवणारा भाग) तेच परत रकान्यात लिहितो. मग पाच दाबलं की ४८५ किलो! शिवाय मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक आले तर सरळ 'नथिंग', म्हणजे आकडाच नाही, असं मिळतं. ते अंक आधी बदलून घेईन, तो भाग सोपा आहे.

टाइप केलेला मजकूर स्ट्रिंग म्हणून, म्हणजे अक्षरं जशीच्या तशी, ठेवावा हे कळतं. पण एका पट्टीत तीस-चाळीस ओळी असतात. स्ट्रिंग आणि फ्लोट दोन्ही ठेवले तर खरं कुठलं? की फक्त स्ट्रिंग ठेवून प्रत्येक वेळी व्ह्यूमध्येच आकडा काढायचा? अर्धवट आकडा असताना बेरजेत काय दाखवता?

कुणी असे फॉर्म प्रत्यक्ष वापरात चालवले असतील तर मॉडेलचा टाइप कसा लिहिलात तेवढा दाखवा. पुण्यात असाल तर कोथरूडला शनिवारी लॅपटॉप घेऊन भेटायलाही तयार आहे.