बेट्सन आणि पनेट यांच्यामधले तिसरे नाव

रानजाई :
बी.एस्सी.च्या वर्गात सहलग्नता (काही लक्षणे पुढच्या पिढीत जोडीनेच जाण्याची प्रवृत्ती) शिकवताना स्वीट पी या सुवासिक फुलांच्या शोभेच्या वेलीवरचा प्रयोग 'बेट्सन आणि पनेट' या ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञांच्या नावे सांगायचा, असा आपल्याकडे शिरस्ता आहे आणि मीही तो अनेक वर्षे पाळला. अलीकडे मात्र रॉयल सोसायटीच्या उत्क्रांती समितीपुढे १९०५ साली मांडलेल्या अहवालाचा उल्लेख वाचनात आला, तेव्हा त्यावर तीन लेखकांची नावे दिसली : बेट्सन, सॉन्डर्स आणि पनेट. हे मधले नाव ई. आर. सॉन्डर्स या बाईंचे असल्याचे कळले. त्या केवळ मदतनीस होत्या, की त्यांचे स्वतःचे काही काम होते? मुख्य म्हणजे, सहलग्नतेचे श्रेय त्यांच्याकडून हिरावले गेले असे म्हणता येईल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

पुंकेसर :
आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्या अहवालात सॉन्डर्सबाईंचा मोठा वाटा आहे तो स्टॉक या फुलझाडावरच्या कामाचा, त्यामुळे 'स्वीट पीचा शोध चोरला' अशी मांडणी करू नये. मदतनीस मात्र त्या मुळीच नव्हत्या.

एडिथ रिबेका सॉन्डर्स यांचा जन्म १८६५ सालचा, ब्रायटनचा. त्या केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात शिकल्या आणि तिथेच राहिल्या. मुलींना विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकांना सहज प्रवेश नसल्यामुळे त्यांच्यासाठी १८८४ साली बाल्फर प्रयोगशाळा काढण्यात आली होती, आणि १८९९ पासून ती १९१४ मध्ये बंद होईपर्यंत तिची धुरा बाईंकडे होती. (केंब्रिजने स्त्रियांना रीतसर पदव्या दिल्या त्या १९४८ मध्ये, म्हणजे बाईंच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.)

वाटाण्याच्या संकरांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेलचा निबंध १९०० साली पुन्हा उजेडात आला, पण त्याआधीच त्या बिस्कुटेला या मोहरीच्या कुळातल्या आल्प्समधल्या वनस्पतीवर काम करत होत्या. तिची काही रोपे लवदार पानांची, तर काही गुळगुळीत पानांची असतात. अशा दोन रोपांच्या संकरातून मधल्यामध्ये, अर्धवट लव असलेली पाने यावीत अशी कुणाचीही अपेक्षा असेल. परंतु बहुतेक संतती दोहोंपैकी एकीकडेच झुकते, हे त्यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केले होते. मेंडेलचे नियम हाती आले तेव्हा ते ताडून पाहण्याजोगी रोपे आणि नोंदी बाईंजवळ तयार होत्या, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

त्यानंतर १९०२ चा पहिला अहवाल आला. तो बेट्सन आणि सॉन्डर्स या दोघांचाच आहे, आणि होमोझायगोट (एखाद्या लक्षणाचे दोन्ही घटक सारखे असलेला जीव), हेटरोझायगोट (ते वेगवेगळे असलेला), ॲलेलोमॉर्फ (त्या घटकाचे पर्यायी रूप, ज्याचे पुढे ॲलील झाले) हे शब्द त्यातूनच रूढ झाले. त्यात धोतऱ्याचेही प्रयोग आहेत : जांभळे फूल पांढऱ्यावर प्रभावी, आणि काटेरी बोंड बिनकाट्याच्या बोंडावर प्रभावी. मेंडेलचा वाटाणा सोडून वेगळ्याच कुळात तेच नियम लागू पडतात, हे दाखवणे त्या काळी फार गरजेचे होते.

बागकाम_रोज :
स्टॉकबद्दल थोडी भर घालते, कारण हे कोडे माळ्यांना फार जुने आहे. डबल फुलाच्या स्टॉकमध्ये पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही नसतात, म्हणून त्याला बी धरत नाही. तरीही विशिष्ट वाणाच्या एकेरी रोपाचे बी पेरले की दर पिढीत निम्म्याहून थोडी अधिक रोपे डबल निघतात, आणि उरलेली एकेरी रोपे पुढे पुन्हा तसेच वागतात. सॉन्डर्सबाईंनी याची उकल केली : अशा एकेरी रोपाच्या सगळ्या परागकणांतून डबलपणाचाच घटक जातो, बीजांडांत मात्र दोन्ही प्रकार असतात. म्हणजे बाप आणि आई एकाच फुलात असूनही दोघांचा वारसा सारखा नाही!

त्यांचे आणखी एक निरीक्षण मला फार आवडते. पांढऱ्या आणि फिकट पिवळ्या फुलांची, लव नसलेली दोन रोपे घेऊन संकर केला, तर पहिल्या पिढीत फुले जांभळी आणि पाने लवदार! एकेक लक्षण दिसायला एकाहून अधिक घटक एकत्र यावे लागतात, हे यातून ध्यानात येते.

जुनी_वही :
हे सगळे वाचून बाईंना 'उपेक्षित' म्हणावेसे वाटेल, पण तो शब्द जरा जपून वापरावा, असे मला वाटते. हयातीत त्यांना मान मिळाला होता. १९१९ साली जेनेटिकल सोसायटी ही ब्रिटनमधली आनुवंशिकीतज्ज्ञांची संस्था स्थापन झाली, तेव्हा बेट्सन यांच्यासोबत त्या होत्या, आणि १९३६ ते १९३८ या काळात त्या तिच्या अध्यक्ष होत्या. आनुवंशिकीतज्ज्ञ हॉल्डेन यांनी त्यांना ब्रिटिश वनस्पती-आनुवंशिकीची जननी म्हटले आहे. विसर पडला तो नंतर.

त्याला एक कारण त्यांच्याच कामात सापडते. १९२० नंतर त्या फुलांच्या रचनेकडे वळल्या आणि स्त्रीकेसराच्या घडणीविषयी त्यांनी मांडलेला सिद्धांत बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. त्या वादात आधीचे काम झाकोळले. दुसरे कारण पाठ्यपुस्तकांचे : संकरातून कोणती संतती निघेल हे मांडून दाखवणारा पनेट यांचा चौकोन दर वर्षी फळ्यावर काढला जातो, सॉन्डर्स यांच्या नावाने काढायला काहीच नाही. १९४५ मध्ये सायकलच्या अपघातानंतर त्यांचे निधन झाले.

रानजाई :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. हिरावल्याचा माझा तर्क चुकीचा होता, हे मान्य. सहलग्नतेच्या तासाला तिन्ही नावे घेईनच. पण बाईंची ओळख त्याआधी, मेंडेलच्या तासालाच करून देणे अधिक योग्य ठरेल. धोतऱ्याचा संकर प्रात्यक्षिकाला घेता येईल का?

पुंकेसर :
घेता येईल, परंतु आई-बाप रोपे एकाच जातीची हवीत. केवळ दोन्हींना आपण धोतरा म्हणतो म्हणून संकर जमेलच असे नाही. कळी उमलण्यापूर्वीच चिमट्याने पुंकेसर काढून तिच्यावर कागदी पिशवी बांधावी. आणि विद्यार्थ्यांना हातमोजे द्यावेत, कारण ही वनस्पती पानापासून बीपर्यंत विषारी आहे.