सावरतंय म्हणतात, मग सणाला हात सैल सोडायचा का?

उंबरठा (धागाकर्ती)

गेले काही दिवस डोक्यात घोळतंय ते इथे टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या. सण तोंडावर आलेत आणि जिकडे बघावं तिकडे एकच सूर आहे, अर्थव्यवस्था सावरतेय, लोकांनी आता घाबरून बसू नये, खरेदीला बाहेर पडावं. परवा एका चर्चेत एक गृहस्थ म्हणाले की यंदा सणाला खर्च करणं हे प्रत्येकाचं कर्तव्यच आहे. हा शब्द मला फार लागला.

आमच्या घरातलं सांगते. नवऱ्याची नोकरी गेल्या वर्षी आठ महिने नव्हती. आता लागलीय पण कॉन्ट्रॅक्टवर, पगार आधीपेक्षा कमी, आणि कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढेल का ते मार्चशिवाय कळणार नाही. त्या आठ महिन्यांत एफडी मोडली आणि माझ्या आईकडून उसने घेतले. तेव्हापासून मी हिशोबाच्या वहीत पानाचे दोन भाग करते, डावीकडे "पक्कं", उजवीकडे "बहुतेक". पगार डावीकडे, ओव्हरटाइम उजवीकडे, बोनस उजवीकडे, माझ्या शिकवण्यांचे निम्मे डावीकडे निम्मे उजवीकडे. घरभाडं, शाळेची फी, औषधं, वीज मात्र सगळीच्या सगळी पक्की, त्यात बहुतेक काही नसतंच. आणि हे सणाचे जे आवाहन करतात ते आम्हाला उजव्या बाजूच्या पैशावर खर्च करायला सांगतात.

सावरणं हे आकड्यात आधी येतं आणि घरात फार उशिरा येतं. अमेरिकेतली मोठी मंदी घ्या. डिसेंबर २००७ ला सुरू झाली आणि जून २००९ ला अधिकृतपणे संपली. पण बेकारीचा दर १० टक्क्यांवर पोचला तो ऑक्टोबर २००९ मध्ये, म्हणजे मंदी "संपल्यावर" चार महिन्यांनी, आणि सबंध २०१० तो ९ टक्क्यांच्या वरच होता. त्या वर्षी ज्याची नोकरी गेली त्याला जाऊन सांगायचं का, की बाबा आता सावरलंय, सणाला खर्च कर?

माझं म्हणणं एवढंच, ऋण काढून सण करू नये हे आपल्याला लहानपणापासून सांगितलंय ते उगीच नाही, आणि ज्याचं उत्पन्न अजून हलतंय त्याच्या खांद्यावर देशाची गाडी ढकलायचं ओझं टाकू नये. तुम्हाला काय वाटतं?

जमाखर्च

धागा चांगला आहे पण मी असहमत. तुमच्या घरापुरतं तुम्ही बरोबर आहात, प्रश्न असा की सगळ्यांनीच तुमच्यासारखी वही काढली तर काय होईल. माझा खर्च हे दुसऱ्या कुणाचं तरी उत्पन्न असतं, हे वाक्य घासून गुळगुळीत झालंय पण खोटं नाही. मी शर्ट घेतला नाही तर दुकानदाराचा गल्ला कमी, तो पोरगा कामावर ठेवत नाही, त्या पोराच्या घरी खरेदी नाही, आणि फिरून ते माझ्या कंपनीपर्यंत येतं. केन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९३१ च्या जानेवारीत, भर मंदीत, बीबीसी रेडिओवर हेच सांगितलं होतं, की तुम्ही पाच शिलिंग वाचवता तेव्हा एका माणसाचं एका दिवसाचं काम जातं, आणि गृहिणींना म्हणाला की उद्या सकाळी उठून सेलमध्ये खरेदीला जा. सगळे एकदम बचत करायला लागले की सगळ्यांचंच उत्पन्न घसरतं आणि शेवटी बचतही होत नाही.

आणि सावरण्याच्या काळात हे जास्त लागू होतं कारण तेव्हा सगळं भरवशावर चाललेलं असतं. दुधाने तोंड पोळलं म्हणून सगळा गाव ताक फुंकून प्यायला लागला तर ज्याची भीती होती तेच खरं होतं.

पाऊलवाट

जमाखर्च, केन्सने गृहिणींना सेलमध्ये जा म्हणून सांगितलं ते बरोबर, पण त्याच केन्सचं जास्त मोठं म्हणणं हे होतं ना की लोक खर्च करत नाहीत तेव्हा सरकारने करावा, कामं काढावीत. ते सोडून फक्त गृहिणींना सांगितलेलं लक्षात ठेवायचं हे मला पटत नाही.

मी इथे क्रेडिट कार्डाबद्दल लिहिणार आहे कारण मी त्यातून गेलोय. तीन वर्षांपूर्वी सणाला टीव्ही, फ्रिज आणि सगळ्यांना कपडे, सगळं कार्डावर. बिल आलं तेव्हा त्यावर दोन आकडे होते, एक पूर्ण आणि एक "किमान देय". किमान देय इतकं छोटं होतं की मला वाटलं हे तर सहज जमतंय. आता हिशोब बघा. समजा महिन्याला ३ टक्के व्याज लागतंय आणि तुम्ही दर महिन्याला बाकीच्या फक्त ५ टक्के भरताय, नवीन खरेदी एकही नाही. तरी मूळ रक्कम निम्मी व्हायला बत्तीस महिने लागतात. निम्मी! टीव्हीची वॉरंटी संपते आणि टीव्हीचं अर्धं कर्ज तसंच असतं. अमेरिकेत २००९ मध्ये कायदाच केला, की फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज फिटायला किती वर्षं लागतील ते कार्डाच्या बिलावरच छापायचं. हे छापावं लागलं यातच सगळं आलं.

दरवर्षी सण यायचा तेव्हा मागच्या सणाचं चालूच असायचं. बायको एकदा म्हणाली की आपण सण साजरा करतोय की फेडतोय. त्या दिवशी मी ते कार्ड कात्रीने कापलं, आणि उरलेलं फेडायला अजून चौदा महिने गेले.

सुईदोरा

बराच वेळ वाचत होते, लिहू की नको असं झालं होतं. माझं छोटं शिलाई युनिट आहे, सात मशिनी, सहा बायका आणि मी. लहान मुलांचे कपडे शिवतो. तुम्ही सगळे सणाची खरेदी म्हणता ती तुमच्यासाठी आता आहे पण माझ्यासाठी ती चार पाच महिन्यांपूर्वीच झाली, कारण ऑर्डर तेव्हा येते, कापड तेव्हा उधारीवर उचलायचं, शिवून द्यायचं, आणि पैसे मिळणार माल विकला गेल्यावर. म्हणजे तुम्ही दुकानात जाऊन फ्रॉक बघता आणि नको म्हणून ठेवता तेव्हा त्या फ्रॉकच्या शिलाईची मजुरी मी माझ्या खिशातून देऊन झालेली असते.

मागच्याच्या मागच्या वर्षी माल पडून राहिला. दुकानदाराने चाळीस बॉक्स परत पाठवले. बॉक्स उघडले तर आत घड्या तशाच, कॉलरमधला पुठ्ठासुद्धा तसाच, आणि कुठल्या घडीची टाचणी कुणी लावलीय ते मला बघून कळत होतं कारण आमच्यातली एक जण टाचणी नेहमी तिरकी लावते. तिलाच मला पुढच्या महिन्यात नको येऊस म्हणून सांगावं लागलं. ती काही बोलली नाही, डबा उचलला आणि गेली.

म्हणून उंबरठाताई, तुमचं दुखणं मला कळतं, माझंही घर तसंच चालतं, पण "या वर्षी काही घेऊ नका" असं कुणी म्हणालं की मला त्या तिरक्या टाचण्या दिसतात.

उंबरठा

सुईदोरा, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही. मी काही घेऊ नका असं म्हणत नाहीये हो, पण माझ्या लिहिण्यातून तसं वाटलं असेल तर ती माझी चूक. मला राग त्या कर्तव्य शब्दाचा आहे. तुमच्या कामावरच्या ताईंची नोकरी टिकवायची जबाबदारी माझ्या मुलीच्या फ्रॉकवर का यावी? ज्यांचा पगार एक दिवसही चुकला नाही, ज्यांची बचत उलट वाढली, त्यांना कुणी कर्तव्य सांगत नाही.

जमाखर्च

हा मुद्दा मात्र मान्य. आणि आकडेही तेच सांगतात. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत लोकांच्या बचतीचा दर ३० टक्क्यांच्या वर गेला होता, म्हणजे पैसा होता, पण ज्यांच्याकडे होता ते घरात बसून होते, आणि त्याच वेळी दुसरीकडे लोकांचं कामच गेलेलं. सरासरीत दोन्ही एकत्र होतात आणि मग "लोकांनी खर्च करावा" असं सरसकट म्हटलं जातं. माझ्या पहिल्या प्रतिसादातही मी तेच केलं.

पण म्हणूनच म्हणतो, ज्यांना जमतं त्यांनी यंदा खरंच करावा, आणि लाजू नये. माझी नोकरी टिकलीय, मी करणार. काटकसर हा गुण आहे म्हणून ज्यांना गरज नाही तेही हात आखडून बसतात, त्याने उंबरठांना काही मदत होत नाही आणि सुईदोरांचं नुकसान होतं.

पाऊलवाट

आणि जे सरकारं करतात ते पण बघा ना. सणाच्या खरेदीवरून अर्थव्यवस्था हलवायचे प्रयोग काही आजचे नाहीत. १९३९ मध्ये अमेरिकेत थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी म्हणजे ३० तारखेला येत होता, आणि तिथे तेव्हा त्यानंतरच ख्रिसमसची खरेदी सुरू व्हायची, तर दुकानदारांनी ओरड केली की दिवस फार कमी मिळतात. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सणच एक आठवडा अलीकडे, २३ तारखेला आणला! निम्म्याच्या आसपास राज्यांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही, टेक्सासने दोन्ही दिवस पाळले. दोन वर्षं हा घोळ चालला आणि शेवटी विक्रीत काही फारसा फरक पडला नाही असंच निघालं, मग १९४१ च्या डिसेंबरमध्ये चौथा गुरुवार कायद्याने पक्का केला. खिशात पैसे नसतील तर आठवडा वाढवून माणूस काय घेणार?

साधामाणूस

तारीख बदलणं वेगळं आणि किंमत कमी करणं वेगळं. ब्रिटनने १ डिसेंबर २००८ पासून व्हॅट १७.५ वरून १५ टक्के केला, बरोबर ख्रिसमसच्या तोंडावर, आणि २००९ संपेपर्यंत ठेवला. त्यात निदान सगळ्यांना थोडं स्वस्त मिळालं, कर्ज न काढता. जपानने १९९९ मध्ये लहान मुलं असलेल्या घरांना दर मुलामागे आणि काही म्हाताऱ्या माणसांना २०,००० येनची कुपनं वाटली, सहा महिन्यांत वापरा नाहीतर बाद. आता यात गोम अशी की ज्या घरात तांदूळ साबण लागतोच ते घर कुपनावर तांदूळ साबण घेणार आणि तेवढी रोकड कपाटात ठेवणार. उद्याची खात्री नसली की माणूस असंच करतो, आणि त्यात चूक काय आहे?

माझं स्वतःचं मत, यंदा भेटवस्तूंची देवाणघेवाण तरी कमी करा. जोएल वाल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना विचारून हिशोब मांडला होता की मिळालेल्या भेटीची किंमत घेणाऱ्याच्या लेखी देणाऱ्याने मोजलेल्यापेक्षा १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी असते. म्हणजे एवढा पैसा कुणाच्याच उपयोगी न पडता जातो. आमच्याकडे कपाटाच्या वरच्या खणात न उघडलेले सात कपबशी सेट आहेत, खरंच मोजले.

सुईदोरा

साधामाणूस, भेटवस्तूबद्दल पटलं, पण कमी करा म्हणण्यापेक्षा बदला म्हणा. घ्यायचंच असेल तर जे वर्षभरात लागणारच आहे ते आत्ता घ्या. मुलाला शाळेला जूनमध्ये शर्ट लागणार तो आत्ता दोन बोटं मोठा घेतला तर तुमचा जादा खर्च शून्य आणि आमचा हंगाम निघतो. आणि हप्त्याने घेऊ नका, रोख घ्या, थोडंच घ्या. हप्त्यावर घेतलेल्या मोठ्या वस्तूचे पैसे बारा महिने जातात आणि त्या बारा महिन्यांत त्या घरातून माझ्याकडे कुणी येत नाही, हे मी दोन हंगाम बघितलंय. मोठा फोन एक विकला गेला की छोटे दहा जण थांबतात.

पाऊलवाट

हे कुणी आधी सांगितलंच नाही मला. हप्ता म्हणजे पुढच्या वर्षाची खरेदी आजच करून टाकणं. सुईदोरा, हा मुद्दा वेगळा धागा काढून लिहा प्लीज.

जमाखर्च

तरी मी एक सांगतो, हप्ता सरसकट वाईट नाही. शिलाई मशीन हप्त्याने घेतली तर ती कमावून देते. उत्पन्न पक्कं असेल आणि वस्तू दहा वर्षं टिकणारी असेल तर मला त्यात चूक दिसत नाही. इथे आपलं एकमत होणार नाही, चालेल.

उंबरठा

काल रात्री वही घेऊन बसले होते. फोन नाही घेणार, मुलीला सांगितलं, रडली थोडी, मग स्वतःच म्हणाली की मार्चनंतर बघू. कपडे घ्यायचे, डाव्या बाजूच्या पैशात बसतात तेवढेच, रोख, आणि शाळेचेही आत्ताच घेऊन टाकणार. बोनस आला तर पहिला आईकडे जाणार. आई नको नको म्हणेल पण तिच्या औषधांचा खर्च मला माहितीये.

सुईदोरा, एक विचारायचं होतं, त्या ताई परत आल्या का कामावर?

सुईदोरा

जुलैमध्ये बोलावलं, ऑर्डर होती तोवर होती. आता पुढची ऑर्डर माल किती उठतो त्यावर. दुकानदाराला काल फोन केला होता, पहिला आठवडा बरा गेलाय म्हणाला, पण आकडा सांगायला तयार नाही, सण झाल्यावर बघू म्हणतो. ती रोज संध्याकाळी जाता जाता दारात उभी राहते आणि फोन आला का विचारते.