‘ग्रिड’ला जाळी म्हणावं का?

शाईबोट: झुरिकचे ग्राफिक डिझायनर योझेफ म्युलर-ब्रॉकमन यांच्या पानमांडणीवर टिपण लिहितेय. पान उभं-आडवं विभागायचं, दोन घरांत एका रिकाम्या ओळीएवढी फट ठेवायची. अशी 8, 20 किंवा 32 घरं पाडून मजकूर नि चित्रं त्यांत बसवायची. या ‘ग्रिड’ला मी ‘जाळी’ लिहिलं. संपादक म्हणाले, जाळी खिडकीला असते!

पंतोजी: ‘जालक’ लिहा. नेमका शब्द आहे.

खुंटी: नेमका, पण वाचणारा अडखळणार. ‘चौकट’ चालेल की.

शाईबोट: चौकट बाहेरून असते हो. ही आत असते आणि छापल्यावर दिसत नाही.

जुन्या_छापखान्याचा: आमचे आजोबा खिळे जुळवायचे. ग्रिड वगैरे त्यांच्या कानावरही नसेल, पण ‘आधी पान आखून घे’ हे रोजचं. ‘आखणी’ लिहा.

पंतोजी: आखणी ही क्रिया झाली, वस्तू नव्हे. शिवाय ‘मोहिमेची आखणी’ म्हणजे बेत.

जुन्या_छापखान्याचा: ‘पुस्तकाची बांधणी सुटली’ म्हणतो तेव्हा क्रिया सुटते का? आणि बेत हा अर्थ आला तर बरंच, म्युलर-ब्रॉकमन तेच सांगतात.

सोनचाफा: ठिपक्यांची रांगोळी! ठिपके आधी, रेघा नंतर, शेवटी ठिपके दिसतही नाहीत. माझी आई भोकांच्या कागदावरून ठिपके पाडायची. ‘आख’ शब्द ‘अक्ष’वरूनच आला असणार.

खुंटी: असणार म्हणजे? कोशात बघितलंत?

शाईबोट: बरं, दुसरी अडचण. पुस्तकांची मांडणी करणारे यान चिकोल्ड यांच्या 2:3 (रुंदी:उंची) पानात आतला, वरचा, बाहेरचा, खालचा समास 2:3:4:6. याला ‘प्रमाण’ म्हणू?

पंतोजी: 2:3 हे गुणोत्तर. मजकुराच्या ठोकळ्याचंही 2:3च येतं, म्हणजे दोन गुणोत्तरं समान, म्हणून ती प्रमाणात. सातवी-आठवीचं गणित आहे.

खुंटी: ‘मीठ प्रमाणात घाल’ म्हणताना आई दोन गुणोत्तरं मांडत नाही, पंतोजी.

सोनचाफा: समास म्हटलं की मला अजून द्वंद्व नि बहुव्रीहीच आठवतात. कडेच्या कोऱ्या जागेला हे नाव का पडलं?

जुन्या_छापखान्याचा: आमच्याकडे मार्जिनच म्हणायचे. समास शाळेच्या वहीत.

पंतोजी: वहीत नव्हे, पोथीत!

शाईबोट: अहो, पण ग्रिडचं काय?

सोनचाफा: पोथीत तर डावी-उजवीकडे लाल रेघा असतात ना?