बॉयसीसारख्या छोट्या गावात लाइव्ह म्युझिक: खरंच मजा, की मनाची समजूत?

तंबोरा_मिरज
आधी एक सांगून ठेवतो, इथले लोक बॉयसी म्हणतात, बॉयझी नाही, झ लावला की लगेच कळतं पाहुणा आलाय. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याची राजधानी, 2020 च्या जनगणनेत 2,35,684 माणसं, म्हणजे आमच्या सांगली-मिरजेच्या निम्मंसुद्धा नाही. चिपच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आलो आणि पहिलं वर्ष अक्षरशः रडत काढलं, बटाटे आणि डोंगर, झालं, संपलं गाव.

मग एका मंगळवारी ऑफिसातला एकजण ओढून अकराव्या रस्त्यावरच्या न्यूरोलक्स नावाच्या बारमध्ये घेऊन गेला. मला बँडचं नावही माहीत नव्हतं. स्टेज आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या मांडवाएवढं, आणि मी ड्रमरच्या इतका जवळ की तिसऱ्या गाण्यात त्याची काठी मोडली आणि टोक उडून माझ्या बुटापाशी आलं. ते टोक अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, बायको दर दिवाळीला टाकायला निघते.

मंगळवार का, तर ते नकाशा बघितल्यावर कळलं. सॉल्ट लेक सिटीहून पोर्टलंडला जायचं तर आय-84 महामार्गाने साडेसातशे मैलांच्या वर, आणि बॉयसी जवळपास मध्यावर. बँडवाले बिचारे एका व्हॅनमध्ये सहाजण आणि सगळं सामान, एका दमात कसे जाणार? शुक्रवार-शनिवार मोठ्या शहरांना आणि मधला सोमवार-मंगळवार आम्हाला. त्यामुळे इथले चांगले शो आठवड्याच्या मधेच असतात आणि शंभर-दीडशे माणसांत ऐकायला मिळतात.

तर माझं मत असं की गाणं ऐकायला सिएटलपेक्षा बॉयसी बरं. या आता मारायला.

खारे_शेंगदाणे
आलो. सिएटलहून.

तुम्ही जे सांगताय ना त्याला आमच्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा म्हणतात. फोडणी दिली, कोथिंबीर टाकली, छान लागतो, पण पोळी शिळीच की हो. बँड थांबतो कारण त्याला झोपायचंय, तुमच्यासाठी नाही. आणि हे जे जवळून ऐकण्याचं कौतुक आहे ते काय फक्त छोट्या गावाची मक्तेदारी आहे का? आमच्याकडे क्रोकोडाइल हा क्लब 1991 पासून आहे (आता नव्या जागेत), बॅलर्ड भागात ट्रॅक्टर टॅव्हर्न आहे, तिथेही ड्रमर हातभर अंतरावरच असतो. फरक एवढाच की आमच्याकडे एका रात्रीत असे दहा पर्याय असतात आणि तुमच्याकडे एक, आणि तो आवडला नाही तर घरी जाऊन वेबसिरीज.

दुसरं म्हणजे चव. सगळे दाढीवाले गिटारवाले. त्याच्यापलीकडे काय मिळतं तिथे? आपल्याकडचं कोणी गायला आलं तर तुम्हीच आठ तास गाडी हाणत आमच्याकडे येता ना?

तंबोरा_मिरज
येतो, मान्य. मागच्या वर्षी एका सतारीच्या कार्यक्रमाला आलो होतो, पार्किंगला तिकिटाच्या निम्मे पैसे गेले आणि ऐकायला नाही तर गाडी लावायला आलो असं वाटलं 😄

पण दाढीवाले गिटारवाले हे जरा घाईचं झालं. जीन हॅरिस नाव ऐकलंय का, जॅझ पियानोवाला, थ्री साउंड्स बँडचा? तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी इथे येऊन राहिला आणि आयडान्हा हॉटेलात वाजवायचा, म्हणजे जगभर नाव असलेला माणूस गावातल्या हॉटेलात. 2000 साली गेला. ज्युलिया डेव्हिस पार्कमधल्या मोकळ्या स्टेजला त्याचं नाव आहे.

आणि बास्क लोक! ग्रोव्ह स्ट्रीटवर त्यांचा अख्खा एक ब्लॉक आहे. मेंढ्या राखायला स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून आलेली माणसं, त्यांची नातवंडं-पतवंडं अजून नाच-गाणं टिकवून आहेत. हायआल्दी हा त्यांचा मोठा उत्सव, 2020 चा कोविडने हुकला तो थेट 2025 ला झाला, म्हणजे 2015 नंतर दहा वर्षांनी. छोटा पेटीसारखा अकॉर्डियन आणि सोबत डफासारखा पांडेरो, एक बाई बोटांनी असा काही वाजवत होती की मला आमच्याकडचे शाहीर आठवले. हे सिएटलला मिळत असेल तर सांगा.

चिमुरडीची_आई
मी पण बॉयसीलाच, अकरा वर्षं. दादा तुमचं सगळं वाचलं आणि छान लिहिलंय पण एक गोष्ट तुम्ही सोयीने विसरलात, तुम्ही ज्या जागा सांगताय तिथे माझ्या मुलीला दारातच अडवतात. ती चौदा वर्षांची आहे, गिटार शिकते, आणि या राज्यात बारमध्ये एकविसाच्या आतल्यांना प्रवेशच नाही, आई सोबत असली तरी नाही. न्यूरोलक्सच्या बाहेर फुटपाथवर उभं राहून तिने अर्धा शो भिंतीतून ऐकलाय, नुसता बास येत होता धप धप, आणि ती म्हणते आई ही कॉर्ड कुठली ते कळतंय मला. मला रडू आलं खरं सांगते. तर मुलं ज्या वयात गाणं ऐकून वेडी होतात त्याच वयात हे गाव त्यांना बाहेर उभं करतं, ही कसली मजा?

हां, काही जागा आहेत. इजिप्शियन थिएटर, 1927 चं, आत सगळे रंगवलेले इजिप्शियन खांब आणि मूकपटांच्या काळातला पाइप ऑर्गन अजून जागेवर, सत्तरच्या दशकात पाडायलाच निघाले होते ते. रेकॉर्ड एक्स्चेंज हे दुकान 1977 पासून आहे, तिथे कधी कधी दुकानातच बँड वाजवतात, फुकट, रॅक बाजूला सरकवून. लेकीने तिथे एका गिटारवाल्याला तुमची तार कुठली म्हणून विचारलं तर त्याने गिटारच तिच्या हातात दिली. उन्हाळ्यात बुधवारी ग्रोव्ह प्लाझामध्येही फुकट असतं. पण हे सगळं अधूनमधून.

हिशोबनीस
भावना बाजूला ठेवून थोडं गल्ल्याकडे बघू या. तिकिटाचे पैसे बरेचसे बँडला आणि साउंडवाल्याला जातात, छोटी जागा चालते ती बारवर. आणि आयडाहोत कडक दारूचं (बिअर-वाइन सोडून) लायसन्स लोकसंख्येवर मोजून देतात, शहरात दर 1500 माणसांमागे एक. म्हणजे नुसती जागा घेऊन स्टेज बांधलं म्हणून भागत नाही, लायसन्स हातात असलेला माणूस शोधावा लागतो आणि तो सोन्याच्या भावात विकतो. मग नवीन पोरांनी छोटी जागा काढायची कशी? बिअर-वाइनवर भागवायचं, आणि वर डाउनटाउनचं भाडं. ताईंच्या मुलीला दारात अडवतात त्याचं मूळही इथेच आहे, बारशिवाय जागा चालत नाही आणि बार असला की मुलं चालत नाहीत.

आता ट्रीफोर्ट, आपल्या गावचा संगीत महोत्सव. 2012 ला सुरू झाला, मार्चच्या शेवटी पाच दिवस, चारशेच्या वर बँड, गावातले बार, चर्च, दुकानं सगळीकडे वाजवणं. उत्तमच आहे, मी दरवर्षी जातो. पण 2023 ला त्यांनीच साधारण हजार माणसांचा हॉल पण काढला. नवव्या रस्त्यावर निटिंग फॅक्टरी नावाचा हॉल आहे तोही त्याच मापाचा. माझी भीती अशी की मधल्या मापाचे बँड या दोन हॉलमध्ये जातील, आणि दीडशे माणसांच्या जागा, ज्यांच्यावर तंबोरा साहेबांचा सगळा मुद्दा उभा आहे, त्या भाड्याखाली दबून जातील. तुमच्या ड्रॉवरमधलं ते लाकूड जपून ठेवा, संग्रहालयात लागेल.

खारे_शेंगदाणे
हिशोबनीस 👏 मी हेच म्हणत होतो फक्त मला आकडे येत नव्हते.

तंबोरा_मिरज
नाही, तुम्ही शिळी पोळी म्हणत होतात 😄

हिशोबनीस, हॉलबद्दल मला उलट वाटतं. आधी काय व्हायचं, बँड दीडशे माणसांच्या जागेत वाजवायचा, पुढच्या वेळी जरा मोठा झाला की बॉयसीला त्याच्या मापाची जागाच मोकळी नसायची, मग गाडी सरळ पोर्टलंडला. बिल्ट टू स्पिल 1992 ला याच गावात झालेला बँड, त्याची मधल्या मापाची रात्र गावातच व्हायला नको का? मधली पायरी असली तर खालच्या पायरीवरही लोक चढतात असा माझा अंदाज. लायसन्सचं मात्र मला माहीतच नव्हतं, ते वाचून गप्प झालो.

आणि ताई, तुमच्या लेकीचं वाचून खरंच वाईट वाटलं. मिरजेला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने उरुसाला रात्रभर गाणं चालतं, तिथे मी सहा वर्षांचा असताना आजोबांच्या मांडीवर झोपून ऐकलंय. कोणी वय विचारलं नाही. तेव्हा या बाबतीत आमच्या गावाला पैकीच्या पैकी आणि बॉयसीला भोपळा.

पक्या_सोलापूर
मला एकच विचारायचंय, कानात काय घालता? मी एकदा टेक्सासला असल्या छोट्या जागेत गेलो होतो तर तीन दिवस प्रेशर कुकरची शिटी ऐकू येत होती

चिमुरडीची_आई
@पक्या फोमचे बोळे, कुठल्याही मेडिकल दुकानात मिळतात. बहुतेक जागी बारवर मागितले तरी देतात. स्पीकरसमोर उभं राहू नका, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभं राहा, तिथे सगळ्यात नीट ऐकू येतं कारण तो तिथूनच ऐकून लावत असतो.

खारे_शेंगदाणे
हे शेवटचं कामाचं. माझं मत काही बदललं नाही, दहा पर्याय ते दहा पर्याय, पण ट्रीफोर्टला पाच दिवसांची रजा टाकून बघतो म्हणतो. एक गोष्ट आधीच सांगतो, एका वर्षाचा अनुभव घेऊन मी शिळी पोळी परत घेणार नाही. सिएटलहून गाडीने येऊ की विमानाने?

तंबोरा_मिरज
गाडीने पाचशे मैल आहे, आठ तास धर. मार्चमध्ये पेंडल्टन सोडलं की कॅबेज हिलचा चढ लागतो, तिथे बर्फ असू शकतो, टायर बघून निघ. आणि हॉटेल आत्ताच बघ, त्या आठवड्यात दर दुप्पट होतात. नाही मिळालं तर माझा सोफा आहे.