शिक्षकांना ब्लॉगची सक्ती? आधी निष्ठा आठवा

फळ्यामागचा: काल रानजाईंनी इथे लिहिलं की दूरस्थ बी.एड. आणि ऑनलाइन सेवांतर्गत प्रशिक्षणात आठवड्याला एक ब्लॉग सक्तीचा करा, शिक्षक चिंतनशील होतील. वाचलं आणि डोकंच फिरलं. ताई, निष्ठा विसरलात, ते शिक्षकांचं सरकारी प्रशिक्षण? कोविडच्या काळात दीक्षा या सरकारी पोर्टलवर आलं होतं. कोर्सच्या मध्येच कृती यायची, ‘आपले विचार मांडा’. लिंक दाबली की ब्लॉग, खाली प्रतिक्रिया टाकायची. मी उघडला तर एकच परिच्छेद ओळीने चिकटवलेला, एकाने तर खालचं दुसऱ्याचं नावही काढलं नव्हतं. उत्तरं आदल्या रात्रीच ग्रुपवर आलेली. मीही चिकटवलं, खोटं कशाला बोलू. प्रमाणपत्र मिळणार ते शेवटच्या चाचणीत 70 टक्के पडले की. आता नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तास प्रशिक्षण आहेच, त्यात तुमचं चिंतन घाला!

रानजाई: चिकटवलंत तुम्ही आणि दोष ब्लॉगला? माझं ऐका. बी.एड.ला आमच्या मॅडमनी दहा जणांचा गट करून ब्लॉग लिहायला लावला. मी लिहिलं, तिसरीला हातच्याची वजाबाकी छान झाली. खाली गडचिरोलीच्या एकीने विचारलं, ‘52 वजा 27 किती जणांनी 35 लिहिलं?’ वह्या काढल्या. चौदा जणांनी! 7 मधून 2 वजा केलेले. मी महिनाभर ‘छान झाली’ म्हणत होते.

निवृत्त_गुरुजी: शिक्षकांचे ब्लॉग मी पाहिलेत. 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला आणि तंत्रस्नेही, म्हणजे कॉम्प्युटर जमणाऱ्या शिक्षकांचं पीक आलं. ब्लॉगवर काय? पाठाचं टाचण, जीआर आणि मुलांच्या प्रगतीबद्दल लिहायच्या तयार वर्णनात्मक नोंदी. चिंतनाची एक ओळ सापडली तर शपथ. आमच्या शाळेत एक पोरगी वर्षभर तोंड उघडत नव्हती. तिच्यापुढे नोंद, ‘आपली मते ठामपणे मांडते’. उतरवणाऱ्याने वाचलंही नव्हतं.

एक्सेलवाला: गुरुजी, ते पीक म्हणजे मी. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर रात्री दोनपर्यंत जागून युनिकोडमध्ये आणायचो, फुकट. निकालपत्रकाची फाइल कुणाच्या ब्लॉगवरून उतरवायचात? शिव्याही आम्हालाच!

निवृत्त_गुरुजी: फुकट? मग त्या जाहिराती कसल्या लावल्या होत्या?

एक्सेलवाला: 100 डॉलर झाल्याशिवाय गूगल पैसे पाठवत नाही. माझे सदतीसवर अडकलेत. या, अर्धे घेऊन जा. आणि चाळीस पोरांच्या नोंदी विषयवार, दोन्ही सत्रांच्या, हाताने लिहून दाखवा. नोंदी मागणाऱ्यांना कुणी विचारत नाही, पुरवणारा चोर!

निवृत्त_गुरुजी: चोर म्हणालो नाही. पण त्या पोरीची नोंद तुमच्याच यादीतली होती, क्रमांकासकट.

अध्यापिका_मराठवाडा: नोंदींचं भांडण बाहेर नेता का? मी बी.एड.ला शिकवते. एका तुकडीत 50 जण. आठवड्याला 50 ब्लॉग मी वाचायचे कधी? गेल्या वर्षी करून पाहिलं. तिसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांना ‘छान, असेच लिहीत राहा’. एकाने मुद्दाम पोह्यांची कृती टाकली होती, त्यालाही तेच गेलं.

फळ्यामागचा: 😂 माझा मुद्दा पोह्यांनीच सिद्ध केला. रानजाई, 52 वजा 27 चं पटलं, घ्या. पण ते काम ब्लॉगने नाही, गडचिरोलीच्या बाईने केलं.

रानजाई: आणि गडचिरोलीत बसून तिला माझा वर्ग दिसला कसा, स्वप्नात?

फळ्यामागचा: बरं बाई, दिसला. पण सक्ती नको. गुण तर अजिबात नकोत, गुण आले की उत्तरं ग्रुपवर आलीच.

रानजाई: गुण नकोत, मान्य. सक्तीचं मात्र सोडणार नाही. मला सांगितलं नसतं तर मी आयुष्यात चार ओळी लिहिल्या नसत्या.

नवा_शिक्षक_23: ताई, त्या वजाबाकीच्या पाठाची लिंक मिळेल का? उद्याच्या टाचणाला हवी होती.